सिंगापूरमध्ये जेवायचे कोठे? हॉकर सेंटरची रीत आणि त्यामागचे अर्थकारण

दरवर्षी दहा लाखांहून अधिक भारतीय पर्यटक सिंगापूरला भेट देतात. त्यांतील अनेकांचा मुक्काम तीन-चार दिवसांचा असतो आणि सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत रात्रीचे भोजन ‘भारतीय उपाहारगृहात’ असे आधीच छापलेले असते. त्यामुळे ज्या खाद्यसंस्कृतीसाठी या नगरराष्ट्राचे नाव युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत 16 डिसेंबर 2020 रोजी समाविष्ट झाले, तिचे दर्शन न घेताच पुष्कळ जण परततात.

ही संस्कृती म्हणजे हॉकर सेंटर. छपराखाली आणलेली खाऊगल्ली, असे तिचे ढोबळ वर्णन करता येईल. भिंती बहुधा नसतात. वर पंखे फिरत असतात, मध्ये जमिनीला घट्ट बसवलेली मेजे असतात आणि कडेने लहान लहान गाळ्यांच्या रांगा असतात. प्रत्येक गाळ्यावर एक-दोनच पदार्थ मिळतात आणि तेच पदार्थ तेथे वर्षानुवर्षे शिजत आलेले असतात. देशभरात अशी शंभराहून अधिक केंद्रे असून मंत्र्यांपासून टॅक्सीचालकांपर्यंत सर्वच तेथे जेवतात.

ही केंद्रे आपोआप उभी राहिली नाहीत. चीन, मलाया, जावा आणि तमिळ प्रदेशातून आलेले मजूर एकेकाळी खांद्यावर कावड घेऊन किंवा हातगाडीवर अन्न विकत. स्वातंत्र्यानंतर सरकारने त्यांच्याकडे पाहिले ते तुंबणारी गटारे, अस्वच्छ पाणी आणि अडलेले रस्ते यांच्या संदर्भात. मात्र त्यांना हुसकावून लावण्याऐवजी 1968-69 मध्ये त्यांची देशव्यापी नोंदणी करण्यात आली. पुढे 1971 ते 1986 या काळात नळ, सांडपाण्याची व्यवस्था आणि छप्पर असलेली केंद्रे बांधून विक्रेत्यांना तेथे हलवण्यात आले. फेरीवाल्यांच्या प्रश्नावर अनेक दशके घोळ घालणाऱ्या भारतीय महापालिकांनी अभ्यासावे असे हे प्रकरण आहे, जरी बेटाएवढ्या देशाला जे जमले ते मुंबईला तसेच्या तसे जमेल असे नव्हे.

प्रथमच जाणाऱ्याने आधी जागा धरावी आणि मग पदार्थ मागवावेत. मेजावर कागदी रुमालांचे छोटे पाकीट किंवा छत्री ठेवलेली दिसली, तर ती जागा कोणीतरी राखलेली आहे असे समजावे. या प्रथेला तेथे ‘चोप’ म्हणतात आणि ती सर्वमान्य आहे. पदार्थ गाळ्यावरून आपणच आणायचा असतो. जेवण झाल्यावर ताट ठरलेल्या मांडणीवर परत नेऊन ठेवणे सप्टेंबर 2021 पासून हॉकर सेंटरमध्ये बंधनकारक असून, एकदा लेखी समज मिळाल्यानंतर पुन्हा चूक केल्यास दंड होतो. हलाल आणि इतर ताटांच्या मांडण्या वेगळ्या असतात. तो भेद काटेकोरपणे पाळावा.

चायनाटाउनजवळचे मॅक्सवेल फूड सेंटर हे सुरुवातीला सोयीचे ठिकाण. तेथील हायनान पद्धतीच्या चिकन राइससाठी दुपारी रांगा लागतात. मंद आचेवर उकडलेली कोंबडी, तिच्याच रसात आले-लसूण घालून शिजवलेला भात आणि मिरचीची चटणी, एवढाच हा पदार्थ. जवळच असलेले चायनाटाउन कॉम्प्लेक्स हे गाळ्यांच्या संख्येने देशातील सर्वांत मोठे केंद्र. तेथील सोया सॉसमधील कोंबडी विकणाऱ्या एका गाळ्याला 2016 मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला, तेव्हा त्या थाळीची किंमत सुमारे 2 सिंगापूर डॉलर होती. हा तारा 2021 मध्ये गेला, पण गाळेवालाही जगातील नामांकित आचाऱ्यांच्या पंक्तीत बसू शकतो हे तोवर सिद्ध झाले होते.

वित्तीय कचेऱ्यांच्या गर्दीतील लाउ पा सात ही 1894 मधील अष्टकोनी बाजारवास्तू आहे. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा ग्लासगोहून आणला होता. संध्याकाळी शेजारचा रस्ता वाहनांना बंद होतो आणि तेथे निखाऱ्यांवर साते, म्हणजे काडीला लावलेले मांसाचे तुकडे, भाजले जातात. मासे, खेकडे किंवा कोळंबी कोठेही घेताना दर वजनावर असेल तर एकूण रक्कम आधीच विचारून घ्यावी. नंतर वाद घालून उपयोग होत नाही.

शाकाहारी प्रवाशाची खरी अडचण नावांत दडलेली असते. ‘कॅरट केक’ या पदार्थात गाजर नसते आणि तो केकही नसतो. तांदळाचे पीठ आणि पांढरा मुळा यांच्या वड्या अंड्यात परतून तो केला जातो. संबल घातलेली हिरवी पालेभाजी निरुपद्रवी वाटते, परंतु त्या संबलात बहुधा बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा असतो. लाक्सा या नारळाच्या दुधातील शेवयांच्या रश्शात सुकी कोळंबी वाटलेली असते. परतलेल्या नूडल्समध्ये डुकराची चरबी असू शकते. पराठ्यासारख्या रोटी प्राटासोबत येणारा रस्सा अनेकदा माशांचा किंवा मटणाचा असतो. तेथे डाळ मागून घ्यावी. ‘मांस नको’ एवढे सांगणे पुरेसे ठरत नाही, कारण मासे आणि कोळंबी यांना मांस न समजणारे विक्रेते पुष्कळ आहेत.

यावर उपाय मात्र सोपा आहे. बहुतेक मोठ्या केंद्रांत बौद्ध परंपरेतील चिनी शाकाहारी गाळा असतो. कडक व्रत पाळणारे चिनी बौद्ध कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, त्यामुळे जैन प्रवाशांची येथे अनपेक्षित सोय होऊ शकते. तरीही अंडे आणि लसणाबद्दल विचारून घेणे बरे. सोयाबीन किंवा गव्हाच्या प्रथिनापासून केलेले मांसासारखे दिसणारे तुकडे पाहून दचकू नये. ज्यांना ओळखीची चव हवी, त्यांच्यासाठी लिटल इंडियातील टेक्का सेंटरमध्ये डोसा, बिर्याणी आणि प्राटा मिळतो. त्याच परिसरात सेरंगून रोडवर कोमल विलास हे शाकाहारी उपाहारगृह 1947 पासून सुरू आहे.

पेयांसाठी स्वतंत्र परिभाषा आहे. नुसते ‘कोपी’ म्हटले की साखर आणि लोणी-सदृश मार्गरिन घालून भाजलेल्या बियांची, कापडी गाळणीतून गाळलेली कॉफी गोड आटीव दुधासह येते. ‘कोपी-ओ’ म्हणजे दुधाविना, पण साखर घातलेली. ‘कोपी-सी’मध्ये बिनसाखरेचे आटवलेले दूध आणि वर साखर असते. मलय भाषेत कोसोंग म्हणजे रिकामे, म्हणून मधुमेही व्यक्तीने ‘कोपी-सी कोसोंग’ मागावी. बर्फ हवा असल्यास शेवटी ‘पेंग’ जोडावे. चहाला ‘तेह’ म्हणतात आणि ‘तेह हलिया’ हा आल्याचा चहा मराठी जिभेला लगेच मानवतो. सकाळी कॉफीबरोबर काया टोस्ट खाण्याची रीत आहे, मात्र काया हा नारळ, साखर आणि अंडी यांचा मुरंबा असतो. पाणी विकत घेण्याची गरज नाही. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे. मद्याबाबत एक नियम लक्षात ठेवावा: रात्री 10.30 ते सकाळी 7 या वेळेत सार्वजनिक जागी मद्यपानास बंदी आहे.

हॉकर सेंटरमध्ये फलकावरील किमतीवर सेवाशुल्क चढत नाही. उपाहारगृहाच्या दरपत्रकावर किमतीपुढे दोन अधिक चिन्हे दिसली तर 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यावर 9 टक्के कर वेगळा द्यावा लागतो, म्हणजे 20 डॉलरच्या जेवणाचे जवळपास 24 डॉलर होतात. गाळ्यावरचे साधे जेवण मात्र अजूनही 5-6 डॉलरच्या आसपास मिळते.

हे दर फार काळ टिकतील का, हा तेथील चिंतेचा विषय आहे. रस्त्यावरून केंद्रांत आलेल्या पहिल्या पिढीला गाळे अत्यंत सवलतीच्या भाड्यात मिळाले. त्यांच्यापैकी कोणी निवृत्त झाले आणि घरात चालवणारे कोणी नसले, की गाळा निविदेला जातो. सवलत नसलेल्या गाळ्यांचे मध्यम भाडे महिन्याला सुमारे 1,250 डॉलर आहे, परंतु 2024 मध्ये मरीन परेड भागातील एका गाळ्यासाठी तब्बल 10,158 डॉलरची बोली लागली. एवढे भाडे भरणाऱ्याला 5 डॉलरमध्ये भात विकणे परवडणे कठीण, आणि दर वाढवले तर नेहमीचे गिऱ्हाईक ओरडते. गाळेवाल्यांचे मध्यम वय साठीच्या आसपास आहे. पहाटे चारला उठून रस्सा चढवण्याचे काम शिकलेल्या मुलांना नको असते. सरकारने नवोदितांसाठी प्रशिक्षण आणि सवलतीच्या भाड्यातील गाळे सुरू केले आहेत, तरी जुने हात ज्या वेगाने थांबत आहेत, त्या वेगाने नवे तयार होताना दिसत नाहीत.

म्हणूनच वृद्ध जोडप्याने चालवलेल्या गाळ्यावर जायचे असेल, तर दुपारी बारापूर्वी पोहोचावे. अनेक जण ठरावीक मापाचेच शिजवतात आणि भांडे रिकामे झाले की दिवे मालवतात. सोमवारी अनेक गाळे बंद असतात, तर सफाईसाठी संपूर्ण केंद्रही अधूनमधून बंद ठेवले जाते. निघण्यापूर्वी तेवढे पाहून घ्यावे.