सुरतेत घर घ्यावे काय?

मराठी माणसाला सुरत प्रथम भेटते ती शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात. १६६४ आणि १६७० या दोन सनांशी ती आपल्या मनात कायमची बांधली गेली आहे. परंतु आज जी हजारो मराठी कुटुंबे सुरतेत नांदत आहेत, त्यांना ती भेटली तापीकाठच्या रेल्वेने. भुसावळ, जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार या स्थानकांवर गाडीत बसलेली माणसे उधन्याला उतरली. कोणी यंत्रमागावर लागला, कोणी रंगाई-छपाईच्या गिरणीत, तर कोणी हिऱ्याच्या घंटीवर. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत त्यांचे संसार उभे राहिले. महापालिकेने मराठी माध्यमाच्या शाळा चालविल्या आणि मुले तेथे शिकून मोठी झाली. आता त्या मुलांपुढे एक नवा प्रश्न आहे. आयुष्यभर भाड्याच्या जागेत काढलेल्या आईबापांना हक्काचे घर द्यावयाचे. ते कोठे, केवढे आणि कोणत्या किमतीला?

मध्यंतरी असेच एक परिचित गृहस्थ माझ्याकडे सल्ल्यासाठी आले. कापड बाजारातील एका पेढीवर ते हिशेब लिहितात. पगार पासष्ट हजार. मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात असून महिन्याला सरासरी पंचेचाळीस हजार मिळवितो. शिल्लक पंचवीस लाख. मुलाच्या मनात अडाजणकडील बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीतील ऐंशी लाखांचे घर भरले होते. "वीस लाख रोख भरू, साठ लाखांचे कर्ज काढू, काही कमी पडलेच तर गावची तीन एकर आहे," असा बेत होता. मी त्यांना म्हटले, "आधी कागद-पेन्सिल घेऊ, मग घर पाहू." त्या दिवशी आम्ही जो हिशेब मांडला, तोच आज आपल्यापुढे ठेवतो. आकडे त्यांचे असले तरी रीत सर्वांच्या उपयोगाची आहे.

पहिला हिशेब हप्त्याचा. साठ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले, तर दरमहा सुमारे बावन्न हजारांचा हप्ता बसतो. वीस वर्षांत फेड होते एक कोटी पंचवीस लाखांची. म्हणजे मुद्दलाहून व्याज अधिक. पहिल्या हप्त्याचे पोट फोडून पाहिले तर त्यातील साडेबेचाळीस हजार व्याजात जातात आणि मुद्दल फिटते ते केवळ साडेनऊ हजार. "हप्ता भरतो म्हणजे घरच जमा करतो" ही समजूत पहिली काही वर्षे तरी खरी नव्हे.

आता भाड्याशी तुलना करा. तशाच घराला वीस हजार भाडे पडते असे धरू. स्वतःच्या घरापायी पहिल्या वर्षी दरमहा साडेबेचाळीस हजार व्याज जाते. रोख भरलेल्या वीस लाखांवर बँकेत साडेसहा टक्क्यांनी मिळाले असते ते सुमारे अकरा हजार बुडतात. शिवाय सोसायटीचे तीन हजार. एकूण साडेछप्पन्न हजार. भाड्याहून हे दरमहा साडेछत्तीस हजारांनी, वर्षाला सुमारे चार लाख अडतीस हजारांनी अधिक झाले. ऐंशी लाखांवर ही रक्कम साडेपाच टक्के होते. याचा अर्थ असा की, घराची किंमत दरसाल साडेपाच टक्क्यांनी वाढत राहिली तरच घेणे आणि भाड्याने राहणे सारखे पडेल. घराला केवळ व्यापारी दृष्टीने पाहावे असे मी म्हणत नाही. म्हातारपणी घरमालकाने उठविण्याचे भय नसणे, याचे मोल रुपयांत होत नाही. परंतु त्या निर्धास्तपणाला आपण किती रक्कम मोजतो आहोत, हे ठाऊक असलेले बरे.

दुसरा हिशेब किमतीबाहेरच्या खर्चाचा. गुजरातेत दस्तावर ४.९ टक्के मुद्रांक शुल्क आणि एक टक्का नोंदणी फी लागते. आपल्याकडे ज्याला रेडी रेकनर म्हणतात त्याला तेथे जंत्री म्हणतात. व्यवहाराची रक्कम आणि जंत्रीची रक्कम यांतील जी मोठी, तिच्यावर शुल्क पडते. २०२३ च्या एप्रिलपासून हे जंत्रीचे दर पुष्कळ वाढले आहेत. बांधकाम अपुरे असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी द्यावा लागतो. स्वस्त घरांच्या व्याख्येत बसणाऱ्यांना तो एक टक्का आहे, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला मुळीच नाही. आमच्या गृहस्थांच्या बाबतीत मुद्रांकाचे तीन लाख ब्याण्णव हजार, नोंदणीचे ऐंशी हजार आणि जीएसटीचे चार लाख मिळून पावणेनऊ लाखांच्या घरात खर्च जात होता. मुद्रांक आणि नोंदणीसाठी बँक सहसा कर्ज देत नाही. म्हणजे वीस लाख भरून हातात पाच लाख उरावयाचे तेथे पावणेचार लाखांची तूटच येत होती. "काही कमी पडलेच तर" हे शब्द त्यांनी सहज उच्चारले होते. तीन एकरांवर गदा तेथूनच येणार होती.

या जमिनीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. शेवटचा तुकडा विकून सात-बाऱ्यावरचे नाव गेले की ते पुन्हा लावणे सोपे नसते. शहरातील घर आज नाही तर पाच वर्षांनी घेता येईल. शेतीचे तसे नाही. म्हणून तुटीची भरपाई म्हणून शेत विकू नये. विकावयाचेच असेल तर तो वेगळा निर्णय म्हणून, सर्व भावंडांना विचारून, शांतपणे करावा.

तिसरा हिशेब मिळकतीच्या स्वभावाचा. सुरतेच्या बाबतीत हाच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पाडणारे हे शहर दूरदूरच्या बाजारपेठांवर जगते. २००८ साली अमेरिकेत बँका कोसळल्या आणि येथे घंट्या थांबल्या. २०२० साली टाळेबंदीत कारागिरांचे थवे गावोगाव परतले. २०२२ नंतर पुन्हा मंदी आली आणि अनेक कारागिरांची कमाई घटली. पंधरा वर्षांत तीनदा जे घडले, ते वीस वर्षांच्या कर्जात एकदाही घडणार नाही असे कोण म्हणेल? आमच्या गृहस्थांची एकूण मिळकत एक लाख दहा हजार. बावन्न हजारांचा हप्ता म्हणजे तिच्यातील जवळजवळ निम्मा भाग. मुलाची कमाई अर्ध्यावर आली तर तोच हप्ता मिळकतीच्या साठ टक्क्यांवर जातो. शिवाय व्याजाचा दर स्थिर नसतो. २०२२ च्या मेपासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला. साठ लाखांवर एक टक्का व्याज वाढले तर हप्त्यात जवळजवळ चार हजारांची भर पडते.

ज्या घरातील कमाई हंगामी आहे, त्या घराने हप्ता बांधावा तो मंदीतील मिळकतीवर. तेजीतील मिळकतीवर नव्हे. तेजीत जे अधिक येईल ते कर्जात आगाऊ भरावे. बदलत्या दराच्या गृहकर्जाची अशी आगाऊ फेड केल्यास व्यक्तीला दंड पडत नाही.

पैशाचे झाले, आता जागेचे. सुरतेत घर घेणाऱ्याने प्रथम तापीला विचारले पाहिजे. मुलताईला उगम पावून, चांगदेवापाशी पूर्णेला पोटात घेऊन, खानदेशातून वाहत येणारी हीच नदी येथे समुद्राला मिळते. १९६८ साली तिने शहराला मोठा फटका दिला. १९७२ साली वरच्या बाजूस, सुमारे शंभर किलोमीटरवर, उकाईचे धरण पुरे झाले आणि लोक निर्धास्त झाले. परंतु २००६ च्या ऑगस्टमध्ये भरत आलेल्या धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि शहराचा फार मोठा भाग बुडाला. खाड्यांचा पूर निराळाच. लिंबायतकडील लोकांना मिठी खाडीचा अनुभव आहे. म्हणून घर पाहावयास जाल तेव्हा दलालापेक्षा शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, "२००६ साली पाणी कुठवर आले होते?" तो हाताने भिंतीवर खूण दाखवील. त्या खुणेच्या खाली आपला पाण्याचा पंप, विजेची पेटी किंवा आईवडिलांची खोली येत असेल, तर सौदा पुन्हा तपासा.

कागदांच्या बाबतीत भिडेस पडू नये. सुरतेत करारनाम्याला बानाखत म्हणतात. आपले साठेखत तेच. रेरा कायद्याप्रमाणे, नोंदलेला करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जागा बिनशेती झालेली आहे काय, नकाशा मंजूर आहे काय आणि तयार इमारतीला वापराचा परवाना मिळाला आहे काय, हे पाहावे. गेल्या तीस वर्षांचा मालकीचा शोध वकिलाकडून घ्यावा. शहराच्या काही भागांना १९९१ चा अशांत धारा लागू आहे. तेथे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री होत नाही. क्षेत्रफळ विचारावे ते चटईचे. सुपर बिल्टअप पंधराशे चौरस फूट ऐकून हुरळून गेलेल्या माणसाला पुढे नऊशे फुटांतच सतरंजी अंथरावी लागते; बाकीचे जिन्यात, लिफ्टमध्ये आणि व्हरांड्यात वाटले गेलेले असते. काही रक्कम रोखीने, पावतीशिवाय मागितली तर नकार द्यावा. व्यवहार मोडला तर त्या पैशाला साक्षीदार नसतो, आणि तो कायद्याचा भंगही आहे.

इमारतीची प्रकृतीही पाहावी. २०१९ च्या मे महिन्यात सरथाण्यातील तक्षशिला आर्केडच्या आगीत बावीस विद्यार्थी दगावले. २०२४ च्या जुलैमध्ये सचिन भागात सहा मजली इमारत कोसळून सात जणांचा अंत झाला. जिने किती, रुंद किती, आग लागल्यास बाहेर कसे पडावयाचे, भिंतींना ओल आणि खांबांना तडे आहेत काय, हे प्रश्न फरशीच्या रंगाआधी विचारावयाचे आहेत.

आता राहिले नाव. गुजरातेत घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास नोंदणी फी माफ होते. ही सवलत तर घ्यावीच, पण तेवढ्यासाठीच नव्हे. ज्या माउलीने वीस वर्षे पाण्याच्या रांगेत उभे राहून भाड्याच्या खोल्यांना घरपण दिले, तिचे नाव दारावर लागणे हे न्यायाचेही आहे.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. मुलगा प्रथम रुसला. आठवडाभर बापलेकांत बोलणे नव्हते. मग त्यानेच कागद पुढे ओढला आणि स्वतःची गेल्या दोन वर्षांची महिनावार कमाई लिहून काढली. त्यातील रिकाम्या महिन्यांनी जे त्याला सांगितले, ते मला सांगता आले नव्हते. शेवटी त्यांनी अठ्ठेचाळीस लाखांचे, तयार इमारतीतील, तिसऱ्या मजल्यावरचे घर आईच्या नावे घेतले. अठरा लाख रोख आणि तीस लाख कर्ज, पंधरा वर्षांसाठी. हप्ता साडेएकोणतीस हजार. म्हणजे मुलाची कमाई थांबली तरी वडिलांच्या पगारातून, ओढाताणीने का होईना, निघणारा. मुद्रांक भरून साडेचार लाख हाती उरले; सुमारे पंधरा हप्त्यांची ती शिदोरी आहे. गावची तीन एकर शाबूत आहे.

तेव्हा महाग घर घ्यावे की नाही, याचे एकच उत्तर सर्वांना देता येणार नाही. परंतु तीन कसोट्या सांगता येतील. मंदीतही हप्ता निघतो काय? घर घेतल्यानंतर वर्षभराचे हप्ते हाती उरतात काय? आणि पुन्हा न मिळणारी वस्तू विकावी लागत नाही ना? या तिन्हींची उत्तरे मनासारखी आली तर खुशाल वास्तुशांतीचा मुहूर्त पाहावा. एकाचेही उत्तर अडखळत असेल, तर लहान घर पाहावे किंवा दोन वर्षे थांबावे. थांबण्यात कमीपणा नाही. घर माणसांसाठी घ्यावयाचे असते. माणसे घरासाठी गहाण पडू नयेत.