विकायला नसलेली नावं

पैसे मोजले की इंटरनेटवर मोकळं असलेलं कोणतंही नाव मिळतं, असा सर्वसाधारण समज. ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ मात्र कुणालाच मिळत नाही. पुस्तकांत, माहितीपत्रकांत नमुन्याचा पत्ता बिनघोर छापता यावा म्हणून ते राखून ठेवलेलं आहे. इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या ‘आरएफसी २६०६’ या दस्तऐवजाने १९९९मध्ये ‘डॉट टेस्ट’, ‘डॉट एक्झाम्पल’, ‘डॉट इनव्हॅलिड’ आणि ‘डॉट लोकलहोस्ट’ ही पत्त्याच्या शेवटी येणारी चार टोकंही अशीच बाजूला काढली.

खरी डोकेदुखी झाली ती कुणालाही न विचारता वापरात आलेल्या नावांची. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत कार्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कला ‘कॉर्प’ असं नाव सुचवलेलं असे. अनेक कंपन्यांनी तेच ठेवलं. ऑफिसमध्ये काही बिघडत नसे. पण तोच लॅपटॉप बाहेरच्या वाय-फायला जोडला की आपला सर्व्हर शोधत थेट ‘कॉर्प डॉट कॉम’चं दार ठोठावू लागे. ते नाव एका खासगी व्यक्तीने १९९४मध्येच घेतलेलं! २०१९मधल्या तपासणीत लाखो संगणक तिथे अंतर्गत माहिती पाठवू पाहत असल्याचं आढळलं. अखेर २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टने ते नाव विकत घेतलं. मागितलेली किंमत होती १७ लाख डॉलर. आळसाने ठेवलेलं नाव इतकं महाग पडू शकतं.

नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने २०१८मध्ये ‘डॉट कॉर्प’, ‘डॉट होम’ आणि ‘डॉट मेल’ ही टोकं कुणालाही न देण्याचं ठरवलं.

नाव राखणं म्हणजे नुसती यादीत भर नव्हे. २०१३च्या ‘आरएफसी ६७६१’नुसार अर्जदाराला सात प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: वापरणाऱ्याने या नावाकडे कसं पाहावं, सॉफ्टवेअरने काय करावं, सर्व्हरने काय उत्तर द्यावं, वगैरे. वापरणाऱ्याची ओळख लपवणाऱ्या टॉर या नेटवर्कसाठी २०१५मध्ये राखलेल्या ‘डॉट ओनियन’बाबत नियम असा, की नेहमीच्या नाव-सर्व्हरने ‘असं नावच नाही’ म्हणून मोकळं व्हावं. चौकशी पुढे गेली, तर टॉर वापरणाऱ्याची गोपनीयताच धोक्यात यायची.

देवनागरीच्या वाट्यालाही असं एक टोक आलं होतं. इंग्रजीखेरीज इतर लिपींतले पत्ते चालतात का, हे पाहण्यासाठी २००७मध्ये सुरू केलेल्या अकरा चाचणी-टोकांपैकी एक होतं ‘डॉट परीक्षा’. काम झाल्यावर ते काढून टाकलं गेलं.

अंतर्गत नेटवर्कसाठी आयकॅनने २०२४मध्ये ‘डॉट इंटर्नल’ राखून ठेवलं आहे. ऑफिसचं नवं नेटवर्क उभारताना मनाला येईल ते नाव देऊ नका, हे वापरा.