मुंबईचा पगार की नागपूरची बचत? निर्णयाआधी करायचा हिशेब

“मुंबईत 50 हजार मिळतात, नागपुरात 35 हजार. काय करू?” नव्याने नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न आम्ही वारंवार ऐकतो. घरातली पहिलीच पक्की नोकरी, डोक्यावर शैक्षणिक कर्ज, धाकट्या भावंडांचे शिक्षण. अशा वेळी मोठा आकडा खुणावणारच. पण तुलना पगाराची नव्हे, महिनाअखेरीस हातात काय उरते याची करायला हवी.

शहरांमधला फरक सरकारही मान्य करते. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी मुंबई ‘एक्स’ गटात, तर नागपूर ‘वाय’ गटात आहे. 2024 पासून घरभाडे भत्ता अनुक्रमे मूळ वेतनाच्या 30 आणि 20 टक्के झाला. मूळ वेतन 40 हजार असेल तर मुंबईत 12 हजार, नागपुरात 8 हजार. फरक फक्त 4 हजारांचा. घरभाड्यातला खरा फरक याहून मोठा असतो.

आता वरच्या 50 आणि 35 हजारांचे उदाहरण घेऊ. कल्याणकडे 14 हजारांची खोली, प्रवास व बाहेरचे जेवण यांचा 5 हजार जादा खर्च, गावी येण्या-जाण्याचे सरासरी 2 हजार असे धरले, तर एकूण 21 हजार होतात. पगार मात्र 15 हजारांनीच जास्त. नागपुरात आई-वडिलांसोबत राहणाऱ्याला मुंबई महिन्याला 6 हजारांनी तोट्याची ठरते. पण नागपुरातही 8 हजारांचे भाडे भरावे लागत असेल, तर मुंबईत 2 हजार जास्त उरतात. म्हणजे उत्तर शहरावर कमी, आपल्या घराच्या परिस्थितीवर जास्त अवलंबून आहे.

दुसरा हिशेब वेळेचा. जाता-येता तीन तास गेले तर 25 दिवसांत 75 तास होतात, रोज एक तास गेला तर 25. या 50 तासांत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास होऊ शकतो, मुलांना शिकवता येते, विहारातल्या अभ्यासिकेला वेळ देता येतो.

घर शोधताना आडनाव आणि आहार विचारणारे घरमालक दोन्ही शहरांत भेटतात. फरक इतकाच, की आपल्या गावात ओळखीपाळखीने खोली मिळून जाते. परक्या शहरात तो अपमान एकट्याने गिळावा लागतो.

तरीही मुंबईला ‘नको’ म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. तिथे एक नोकरी सुटली तर दुसरी मिळण्याची शक्यता जास्त असते, आणि नवे कौशल्य शिकायला मिळत असेल तर दोन वर्षांची ओढाताण पुढे कामी येते. म्हणून मुलाखतीत पगारासोबत दोन वर्षांनी काय बढती मिळेल, हेही विचारा. डिपॉझिटची रक्कम आधी जमवा, त्यासाठी व्याजाने पैसे काढू नका.

होकार कळवण्याआधी घरच्यांसोबत बसा. कागदावर दोन्ही शहरांची नावे लिहा आणि प्रत्येकाखाली उरणारे पैसे आणि उरणारे तास मांडा. मग ठरवा.