हरळी वाळते, पण मरते का?

पाचाडसारख्या गावातील शाळेने आपल्या मैदानावर हिरवळ करायचे ठरवले, तर पहिला प्रश्न पाण्याचा येतो. महाड तालुक्यात वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पाणी उतारावरून वाहून जाते आणि एप्रिल-मेमध्ये डोंगरातल्या वाड्यांवर पिण्याच्या पाण्याची ओढ असते. अशा ठिकाणी गवताला पाणी घालावे का?

हिशेब करून पाहू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात हिरवळ हिरवी ठेवायला आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे १००० चौरस मीटरच्या मैदानाला २५,००० लिटर! दरडोई ५५ लिटर धरले, तर एवढ्या पाण्यात ४५० माणसांची एका दिवसाची गरज भागते. तेव्हा हे पाणी गवताला देणे योग्य नाही. सुदैवाने ते द्यावेही लागत नाही.

त्यासाठी गवत मात्र योग्य निवडले पाहिजे. बांधावर आपोआप वाढणारी हरळी, म्हणजेच गणपतीला वाहतो ती दूर्वा, हे ते गवत. जगभरच्या उष्ण प्रदेशांत खेळाच्या मैदानांवर हेच ‘बर्म्युडा ग्रास’ या नावाने लावतात. हिची काही खोडे जमिनीवर धावतात, तर काही जमिनीखाली वाढतात. पाणी संपले की पाने वाळतात. पण जमिनीखालच्या खोडांवरचे डोळे साठवलेल्या अन्नावर जिवंत राहतात.

हरळीला उन्हाचे वावडे नाही, याचे कारण तिच्या प्रकाशसंश्लेषणात आहे. भाताच्या पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर उष्णता वाढली की चुकून ऑक्सिजनही पकडते, आणि केलेले काम काही अंशी वाया जाते. हरळी कार्बन डायऑक्साइड आधी चार कार्बन अणूंच्या संयुगात बांधते आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन सोडते. तेथे तो दाट झाल्याने ही चूक जवळजवळ टळते. पर्णरंध्रे फारशी उघडी ठेवावी लागत नाहीत, म्हणून पाणीही वाचते. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली उसाच्या अभ्यासातून हा मार्ग मांडला. वरकस जमिनीवरची नाचणीही याच गटातली. मात्र या पद्धतीला जादा ऊर्जा लागते. म्हणून झाडाच्या सावलीत हरळी विरळ होते. तेथे ती लावण्याचा हट्ट धरू नये.

लागवड जूनच्या पहिल्या पावसानंतर करावी. १५ सेंटिमीटर खोल माती भुसभुशीत करून दगड वेचावेत, कुजलेले शेणखत मिसळावे आणि पाणी साचणार नाही इतपत हलका उतार ठेवावा. दोन-तीन डोळ्यांचे तुकडे १०-१५ सेंटिमीटर अंतरावर, उताराला आडव्या ओळींत लावून माती दाबावी. मुसळधार पावसापूर्वी ते रुजले, तर माती वाहून जात नाही. मात्र हरळी धरते ती वरच्या थरातली माती. तिच्यामुळे दरड थांबेल असे समजू नये. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळिये येथे कोसळली तशी दरड गवताच्या मुळांच्या खूप खालून सुटते.

कापणी करताना एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागाहून अधिक कापू नये. गवताचे पान तळाशी वाढते, म्हणून शेंडा कापला तरी वाढ चालू राहते. मुलांना कोवळ्या पानावर शाईने एक-एक सेंटिमीटरवर ठिपके द्यायला सांगा. काही दिवसांनी ठिपक्यांमधले अंतर तेवढेच राहील. सगळे ठिपके मात्र वर सरकलेले दिसतील.

पाऊस संपल्यावर ओल असेपर्यंत हिरवळ टिकते, मग पिवळी पडते. ती पडू द्यावी. या काळात तिच्यावर फार तुडवातुडव नको. मे महिन्याची सुट्टी येथे उपयोगी पडते. सुट्टीआधी मैदानातला वाळका तुकडा मुळांसह कुंडीत लावून, ती उन्हात ठेवून रोज पेलाभर पाणी घालावे. आठ-दहा दिवसांत पेरांतून हिरवे कोंब निघाले, की शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तर मुले स्वतःच देतील.