बत्ती खरी की वायर?

कोकण किनाऱ्यावरच्या हेदवीत गाडी अडली की पहिला विचार चिपळूणचा येतो. गुहागरात आता बरंच काम होतं, पण वायरिंगचं नाव निघालं की लोक अजून पन्नासेक किलोमीटरवरच्या चिपळूणकडेच बघतात. म्हणून डॅशबोर्डवर बत्ती पेटली की ती खरं सांगतेय की उगाच ओरडतेय, याचा निवाडा आधी गावातच करावा लागतो. गेल्या चाळीसेक वर्षांत गाड्या पार बदलल्या. निवाड्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही.

जुन्या जीपच्या काळी बत्त्या कमी नि काटे जास्त. ऑइलचा काटा, पाण्याचा काटा, अँपिअरचा काटा. काटा हळूहळू सरकतो, ड्रायव्हरला सवड देतो. प्रीमियर पद्मिनी आणि डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० यांच्यात ऑइलच्या काट्याच्या जागी लाल बत्ती. ती एकतर आहे, नाहीतर नाही. मधलं काही बोलणं तिला येत नाही, म्हणून तिचीच उलटतपासणी करावी लागली.

तिचं सर्किट साधं होतं. बल्बला चावीतून प्लस मिळतो. दुसऱ्या टोकाची एकच वायर इंजिनच्या ब्लॉकवरच्या ऑइल स्विचला जाते. इंजिन बंद असताना स्विच त्या वायरला अर्थ, म्हणजे बॉडीतून बॅटरीचा मायनस, देतो, बत्ती पेटते. इंजिन सुरू होऊन ऑइलचा दाब आला की स्विच उघडतो, बत्ती विझते. आता चालू इंजिनावर ती विझतच नसेल तर? इंजिन लगेच बंद करायचं, तेलाची पट्टी बघायची. तेल ठीक असेल तर चावी चालू ठेवून स्विचवरची वायर काढायची. बत्ती तरीही पेटलेलीच राहिली तर वायर वाटेत कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. विझली तर संशय स्विचवर किंवा खरोखरच्या दाबावर. तिथे स्विच काढून दाबाचं घड्याळ लावल्याशिवाय गाडी हलवायची नाही. उलटा प्रकार, म्हणजे चावी दिली तरी बत्ती उजळतच नाही, हा मला जास्त घातक वाटतो, कारण तेव्हा कुणाचीच तक्रार नसते. काढलेली वायर इंजिनला टेकवायची. पेटली तर स्विच मेला, नाही पेटली तर बल्ब, फ्यूज नाहीतर वायर.

हेदवीत या वायरवर दुसऱ्याही कुणाचा हक्क असतो. इथल्या खडकातल्या बामणघळीत भरतीचं पाणी घुसून फवारा उसळतो तो बघायला माणसं लांबून येतात. त्याच पाण्यातला खार वाऱ्यावर बसून वर्षभर गाड्यांच्या बॉनेटखाली उतरतो. तांब्याची वायर वरून धडधाकट दिसते, आत हिरवी होऊन चुरा झालेली असते. अर्थची पट्टी जिथे बॉडीला आवळलेली असते तिथे गंज धरतो. त्यात पावसाळाभर एका जागी उभ्या असलेल्या गाडीत उंदीर. शहरातला मेकॅनिक आधी सेन्सर बदलतो. किनाऱ्यावरच्याने आधी अर्थ घासावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पिवळी बत्ती आली, इंजिनाचं चित्र असलेली. तिचा जन्म कॅलिफोर्नियाचा. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने त्रासलेल्या त्या राज्याने १९८८ पासून गाडीने स्वतःची तपासणी स्वतः करावी असा नियम घातला, आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकसारखं सोळा पिनांचं सॉकेट आलं. आपल्याकडे २०१० च्या एप्रिलमध्ये मुंबई, पुणे, सोलापूर धरून तेरा शहरांत गाड्यांच्या धुराचं बीएस-४ मानक लागू झालं आणि त्याबरोबर हे स्वयंनिदान. बीएस-४ देशभर व्हायला २०१७ चा एप्रिल उजाडला. साहजिकच हेदवीच्या दशभुजा गणेशाच्या दर्शनाला नाहीतर गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांतून ही बत्ती इथे आधी पोचली.

तिच्याबरोबर आला स्कॅनर, आणि गैरसमजही. स्कॅनर कोड दाखवतो, गुन्हेगार नाही. पी ०११८ घ्या. त्याचा अर्थ पाण्याच्या टेंपरेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज फार चढलंय, एवढाच. सेन्सर खराब असं तो म्हणत नाही. बहुधा स्कॅनरवर इंजिन उणे चाळीस अंश दिसतं, हेदवीत! सेन्सरचा कपलर काढून त्यातल्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या आणि आकडा उडी मारून एकदम वर गेला, तर वायरी शाबूत, सेन्सर किंवा त्याच्या पिना गेल्या. आकडा ढिम्म राहिला तर सिग्नलची वायर इंजिनला टेकवायची. आता उडी मारली तर सेन्सरची अर्थ तुटलेली, नाही मारली तर बहुधा सिग्नलची वायर. ऑइल स्विचचीच परीक्षा ही, फक्त बल्बच्या जागी पडद्यावरचा आकडा.

एक सवय मात्र मोडावी लागली. बल्बला दोन वायरी जोडून केलेला चेक लॅम्प जुन्या फिटरच्या खिशात असायचाच. पाच वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर चारशे मिलिअँपिअर ओढतो. सेन्सरची पाच व्होल्टची सर्किटं काही मिलिअँपिअरवर चालतात. तिथे तो दिवा लावला तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, जायचा. मल्टिमीटर हवाच, आणि अर्थ तपासायची तर ओहम न बघता चालू सर्किटवर व्होल्ट बघायचे: काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला, लाल इंजिनच्या धातूला. शून्याच्या जवळ आलं तर ठीक, अर्धा व्होल्ट आला तर सापडलं.

कधी स्कॅनरवर कोड काहीच नाही, तरी पिवळी बत्ती पेटलेलीच. काही गाड्यांत ईसीएम या बत्तीला वायरीतून अर्थ देतो. ती वायर बॉडीला लागली की बत्ती कुणी न सांगता पेटते. अलीकडच्या गाड्यांत हा हुकूम डेटाच्या तारेवरून मीटरला जातो, तिथे हा खेळ नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. धुऊन, वाळवून सुरू झालेल्या अशा गाड्यांच्या कपलरमधला गाळ महिन्यांनी बोलायला लागतो. जुनी गाडी घेताना म्हणूनच चावी देऊन पिवळी बत्ती आधी उजळते का ते बघावं. आणि ती नेमकी ऑइलच्या बत्तीबरोबरच विझत असेल तर सावध व्हावं; तिची वायर कुणीतरी ऑइल स्विचला जोडून ठेवलेली असू शकते.

१ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर डिझेल गाड्यांत काजळीच्या फिल्टरची बत्ती आली. तिच्यात बहुतेकदा वायरही निर्दोष, सेन्सरही. फिल्टरमधली काजळी जळायला सलग वेगाने चाललेली गाडी लागते, आणि हेदवी ते गुहागर चढउतार, वळणं, थांबे. अशा वेळी तेल बघून, कंपनीच्या पुस्तकात सांगितलंय तसं गाडी चिपळूणला महामार्गावर नेऊन काही वेळ एका वेगात चालवायची. बत्ती लुकलुकायला लागली असेल किंवा सोबत पिवळीही पेटली असेल, तर मात्र हा उपाय करायचा नाही. तोवर काजळी बरीच साचलेली असते, आणि ती गॅरेजातच जाळावी लागते.