वाराचे पान आणि विद्यार्थ्याची मान

आमच्या वयाच्या वाचकांस ‘वार लावून जेवणे’ म्हणजे काय, हे समजावून सांगावयास नको. त्यांच्या नातवंडांस मात्र ते सांगावे लागेल. खेड्यातून शिक्षणाकरिता पुण्यास आलेला गरीब ब्राह्मणाचा मुलगा सात घरे गाठी. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असे त्याचे सात वार लागले म्हणजे आठवड्याची चिंता मिटे. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी चणे-कुरमुरे किंवा एकादशी! या प्रथेने कितीएक पिढ्यांस विद्या दिली, यात संशय नाही. परंतु त्या विद्येसोबत तिने आणखी काय दिले, याचा हिशेब आपल्या घरांतून फारसा कोणी मांडलेला नाही. तो मांडण्याचा अधिकार आम्हांस आहे. कारण त्या हिशेबातील एक नोंद आमच्याच नावावर आहे.

सन १९६७ च्या सुमाराची गोष्ट. तोपर्यंत ही प्रथा बहुतेक मावळली होती. पण आमच्या वाड्यात मंगळवारचे एक पान अजून मांडले जाई. कोकणातला एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा येई. हातपाय धुऊन तो खाली मान घालून पाटावर बसे, वाढलेले मुकाट्याने जेवी, आपले ताट आपण उचली आणि “येतो काकू” म्हणून निघून जाई. एके मंगळवारी आम्ही त्याच्या समोर बसलो होतो. वय नऊ वर्षांचे, नुकतेच बेरजा-वजाबाक्यांत तरबेज झालेले. आम्ही मोठ्या कौतुकाने ओरडलो, “आई, याने सहा पोळ्या खाल्ल्या!” आईने डोळे वटारले, पण शब्द सुटून गेला होता. मुलाने हातातला घास पानात ठेवला. “पुरे, काकू,” एवढेच म्हणाला. पुढच्या मंगळवारी तो आला नाही. सोबत्याबरोबर निरोप आला की, मंगळवारची सोय दुसरीकडे झाली आहे. आजी म्हणाली, “सोय कसली! पोर उपाशी बसले असेल.” वडील स्वतः त्याच्या खोलीवर गेले. त्याने त्यांस नमस्कार केला, बसावयास सतरंजी घातली आणि पुन्हा तेच उत्तर दिले. तो आमच्या घरी परत कधीच आला नाही.

पुढे मॅट्रिक होऊन आम्ही पाठशाळेत संस्कृत शिकलो आणि जन्मभर तेच शिकविले. तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्लीत विद्या पुरी करून घरी निघालेल्या शिष्यास आचार्य उपदेश करतात. त्यात दान कसे करावे, हे सांगताना ते श्रद्धेबरोबर ‘ह्री’चाही उल्लेख करतात. ह्री म्हणजे लज्जा. हा भाग पहिल्यांदा वाचताना आम्ही चमकलो. लाज घेणाऱ्यास वाटते, असाच आपला अनुभव. येथे तर ती देणाऱ्याच्या ठिकाणी असावी असे सांगितले आहे! आपण देतो ते अपुरे आहे, उशिरा आहे, आणि समोरच्यास मागावे लागले यात आपलाही काही दोष आहे, ही जाणीव ज्याला आहे तोच खरा दाता. आम्ही पोळ्या मोजल्या त्या दिवशी पानावर अन्न होते, आईच्या मनात श्रद्धाही होती. लज्जा तेवढी चुकीच्या पाटावर जाऊन बसली होती.

मूळ कल्पना अशी नव्हती. मुंजीत श्रीमंताचा बटूही आपल्या आईपुढे झोळी धरतो. विद्यार्थ्याने मागावे आणि समाजाने द्यावे, हा सर्वांचा सारखाच धर्म होता. माधुकरी हा शब्द तरी किती सुंदर! भ्रमराने फुलाफुलांतून थोडा थोडा मध घ्यावा, कोणत्याही फुलास भार होऊ नये. परंतु पुढे श्रीमंतांची मुले शाळेतून घरी जेवावयास जाऊ लागली आणि झोळी गरिबाच्याच खांद्यावर उरली, तेव्हा व्रताची भीक झाली. शिवाय या पंगतीस दोन मोठे उंबरठे होते, हेही आपण मान्य केले पाहिजे. एक जातीचा: ब्राह्मणेतराच्या मुलास आपल्या घरी वार मिळत नसे. दुसरा स्त्रीत्वाचा: मुलगा सात घरे फिरू शके, मुलगी कोठे फिरणार? तिला आधी डोक्यावर छप्पर पाहिजे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्यास नेला, त्याचे मर्म हेच.

मुलांकरिता पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले. तेथील विद्यार्थ्यांचा आधारही आरंभी माधुकरीचाच होता. परंतु सात घरांच्या मर्जीवर टांगलेल्या मुलास तेथे स्वतःचे म्हणावे असे एक घर मिळाले. पुढे संस्थेने शाळा चालविल्या, छपाईसारख्या हाताला काम देणाऱ्या विद्येकडे लक्ष दिले, आणि कालांतराने आपले नावही बदलून ‘पुणे विद्यार्थी गृह’ असे केले. नावातून एक शब्द गेला, एवढीच ही गोष्ट नव्हे. ज्याला रोज आपल्या पत्त्यात ‘अनाथ’ हा शब्द लिहावा लागतो, त्याच्या मनावर त्याचा काय संस्कार होतो, हे शिक्षकास विचारावे.

जातीचा उंबरठा निर्धाराने ओलांडला तो कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीस बसत. स्वयंपाक, झाडलोट आणि मळ्यातील काम आपणच करीत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मोडले. मात्र मुलांस भाऊरावांनी जे दिले ते निव्वळ अन्न नव्हे. ‘हे मी कमावले आहे’ असे म्हणण्याचा हक्क त्यांनी दिला. ज्या भाकरीसाठी मुलाने सकाळी पाणी शेंदले आहे, ती भाकरी कोणी मोजली तरी त्याची मान खाली जात नाही. आज पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून चालणाऱ्या ‘कमवा व शिका’ योजनेस कर्मवीरांचेच नाव आहे, हे यथायोग्य होय.

या दोन्ही धाग्यांचा पीळ आमच्या गावात ज्या संस्थेत दिसतो, ती विद्यार्थी सहाय्यक समिती. डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये तिचा पाया घातला. ग्रामीण भागातून उच्च शिक्षणासाठी पुण्यास येणाऱ्या गरजू मुलामुलींस राहण्याजेवण्याची सोय अल्प शुल्कात देणे, हे तिचे काम. येथे ‘अल्प’ हा शब्द वाचकांनी ध्यानात घ्यावा. शुल्क थोडके असते, पण असते. वसतिगृहातील कामे मुलांनी वाटून करावयाची आणि ज्याला जमेल त्याने शिकत असता काही कमवावयाचे, अशी तेथील रीत आहे. मुलींसाठीही समितीची वसतिगृहे आहेत. म्हणजे दुसरा उंबरठाही ओलांडला गेला.

कोणी म्हणेल, छप्पर आणि जेवण मिळाले म्हणजे झाले. आत्मविश्वास वगैरे भाषा कशाला? आमचा अनुभव निराळा आहे. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसलेला असतो. उत्तर त्याला येत असते, वहीत ते लिहिलेलेही असते. पण हात वर होत नाही. त्याला भीती उत्तर चुकण्याची नसते, आपल्या बोलीची असते. आपल्या तोंडून गावाकडचा शब्द निघेल आणि वर्ग हसेल, ही धास्ती हुशार मुलासही मुका करते. उपदेशाने ती जात नाही; जबाबदारीने जाते. ज्याच्याकडे भोजनगृहाचा हिशेब सोपविला, ज्याने भाजीवाल्याशी घासाघीस केली, चार सोबत्यांच्या भांडणात निवाडा केला, तो मुलगा सहा महिन्यांत वर्गात उभा राहून बोलू लागतो. वसतिगृहातील पाळीचे काम हा पैशाची बचत करण्याचा उपाय खरा. पण त्याहून अधिक ते वाणीचे शिक्षण आहे.

या विचारावर दोन आक्षेप येतात. पहिला, मूल राबले तर अभ्यास केव्हा करील? याचे उत्तर प्रमाणात आहे. ग्रंथालयात किंवा बागेत रोजचे दोन-तीन तास काम करणारा विद्यार्थी मागे पडत नाही. मात्र स्वावलंबनाच्या नावाखाली स्वस्त मजूर मिळविणे हेही पाप आहे, आणि चालकांनी त्यापासून सावध असावे. दुसरा आक्षेप असा की, आमच्याच मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपत नाही, आम्ही काय देणार? येथे आम्ही वाचकांस विनंती करतो की, त्यांनी देणे म्हणजे पैसा एवढाच अर्थ घेऊ नये. आपल्या एकत्र कुटुंबांत निवृत्त काका आहेत, इंग्रजी उत्तम बोलणाऱ्या सुना आहेत, हिशेब तपासणारे भाऊ आहेत. खेड्यातून आलेल्या मुलास आठवड्यातून एक तास इंग्रजीत बोलते करणे, नोकरीच्या मुलाखतीची तालीम घेणे, अर्ज कसा लिहावा हे दाखविणे, ही आजच्या काळाची माधुकरी होय. पुरणपोळीचे पान सणाला जरूर वाढावे; परंतु ते घरच्या पंगतीत, घरच्यांच्या शेजारी.

आमच्या घरी हल्ली मंगळवारी संध्याकाळी दोन विद्यार्थी येतात. एक मराठवाड्यातला, एक नंदुरबारकडची मुलगी. आम्ही त्यांचे व्याकरण पाहतो. आमची दृष्टी मंदावली असल्यामुळे जाताना ते आम्हांस वर्तमानपत्र वाचून दाखवितात. उच्चार अडला तर आता ते थांबत नाहीत, आम्हांसच विचारतात. कोणी कोणावर उपकार केले, याचा हिशेब दोन्ही बाजूंस जुळतो.

मग सारे मिळून जेवावयास बसतो. आमचा नातू नऊ वर्षांचा आहे, त्यालाही बेरजा उत्तम येतात. पहिल्याच मंगळवारी त्याला जवळ बसवून आम्ही सहा पोळ्यांची गोष्ट सांगितली. त्याने विचारले, “आजोबा, मग तुम्ही त्या दादाची माफी मागितलीत का?” आम्ही गप्प राहिलो. हा लेख हेच काय ते उत्तर.