मामंजींच्या घड्याळातले तीन रंग

मैत्रिणींनो, दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या खणात एखादं जुनं मनगटी घड्याळ सापडलं तर तुम्ही काय कराल? मी केलं ते मात्र करू नका!

आमचे मामंजी तरुणपणी व्यापारी जहाजावर होते. सुट्टीत घरी आले की मुंबईच्या बंदरात शिडाच्या बोटींच्या शर्यतीतही उतरत. त्यांचं त्या वेळचं घड्याळ अगदी कळकट झालं होतं. पंचाहत्तरीला चकित करावं म्हणून मी ते गुपचूप एका घड्याळजीकडे दिलं. त्याने तबकडी पांढरीशुभ्र रंगवून दिली. मामंजींनी ती बराच वेळ न्याहाळली आणि एवढंच विचारलं, "यातले रंग कुठे गेले गं?"

मला बाई ते रंग शोभेचेच वाटले होते!

मग त्यांनीच समजावून सांगितलं. शिडाची बोट काही मोटारीसारखी रेघेवर उभी करता येत नाही. वारा तिला ढकलतच असतो. म्हणून शर्यतीआधी सगळ्या बोटी घिरट्या घालतात. सुरुवातीला काही मिनिटं उरली की इशारा होतो, आणि नेमक्या क्षणी भर वेगात रेघ गाठायची असते. क्षणभर आधी ओलांडली तर परत फिरावं लागतं, शर्यत तिथेच हातची जाते. तेव्हा 'किती वाजले' यापेक्षा 'किती मिनिटं उरली' हे महत्त्वाचं. म्हणून या घड्याळात पंधरा मिनिटांची एक छोटी तबकडी, तिचे पाच-पाच मिनिटांचे तीन रंगीत तुकडे. अंगावर पाणी उडतंय, बोट कललेली. अशा वेळी आकडे कोण वाचणार? रंग दिसला की पुरे.

यातलं सगळ्यांत नावाजलेलं घड्याळ म्हणजे स्वित्झर्लंडच्या होयर कंपनीचं 'स्किपर'. १९६७ साली अमेरिकेत न्यूपोर्टला 'अमेरिकाज कप' झाला. त्यात 'इन्ट्रेपिड' या नौकेने ऑस्ट्रेलियाच्या 'डेम पॅटी'ला ४-० असं हरवलं. त्या विजयाच्या आठवणीखातर १९६८ मध्ये हे निळ्या तबकडीचं घड्याळ निघालं. आज शौकीन त्यासाठी भलीमोठी किंमत मोजतात, पण तबकडी मूळची असेल तरच! फिकट झालेली चालते, नव्याने रंगवलेली नाही.

तेव्हा घड्याळजीला आधीच बजावा, 'आतली साफसफाई कर, तेल घाल, तबकडीला हात लावू नकोस.' देण्यापूर्वी फोटो काढून ठेवा. विकत घेताना तबकडी फारच चकचकीत दिसली, अक्षरं जाडीभरडी असली, तर सरळ पुढे चला. आणि 'पाण्यातलं घड्याळ' म्हणून नळाखाली धरू नका हं, आतलं रबर जुनं होऊन कडक झालेलं असतं.

मामंजी ते घड्याळ अजून वापरतात. माझा चहा उकळायला लागला की कळ दाबतात, आणि पाच मिनिटं झाली की माजघरातून ओरडतात, "सूनबाई, हिरवा संपला!"